खाण यायच्या आधी: उमरेड साईटच्या नोंदी

२४ फेब्रुवारी

आजपासून साईट सुरू. पहाटे साडेचारला नागपूरच्या दिघोरीवरून निघालो, मी, आमचा पक्षीवाला पोरगा आणि ड्रायव्हर दादा. उमरेडला टपरीवर तर्री पोहे खाल्ले आणि उजाडता उजाडता लीजच्या, म्हणजे खाणीला द्यायच्या जमिनीच्या, हद्दीवर पोचलो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच लिहून ठेवते. इथं कोळशाची ओपनकास्ट खाण प्रस्तावित आहे (गावात सगळे खदान म्हणतात), कोणाची आणि कुठला ब्लॉक ते इथं लिहिणार नाही. आमचं काम म्हणजे खाण सुरू व्हायच्या आधी या जागेवर काय काय जगतंय ते मोजून कागदावर आणायचं, झाडं, झुडपं, गवत, पक्षी, जनावरं, साप, बेडूक, फुलपाखरं सगळं. लीजच्या आतला भाग म्हणजे कोअर आणि हद्दीपासून चहूबाजूंनी १० किमी म्हणजे बफर. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या) नोटिफिकेशनखाली हे सगळं चालतं आणि त्यात बेसलाईन, म्हणजे खाणीआधीची नोंद, एका सीझनची लागते, तो सीझन पावसाळा सोडून कुठलाही. आम्हाला मार्च ते मे मिळालाय.

ही पहिली साईट नाही माझी, पण नागपूरच्या इतक्या जवळची पहिलीच. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच पट्ट्यात आहे, २०१२ ला घोषित झालं. जय वाघ नागझिऱ्याहून चालत चालत इकडे आला होता २०१३ ला आणि २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही, हे नागपुरात शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. त्यामुळे साईट कुठली सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, वाघ दिसला का. अजून काहीच दिसलं नाही, आज फक्त हद्दीचे खांब शोधले आणि त्यातले दोन सापडलेच नाहीत.

२६ फेब्रुवारी

आज चूक झाली, लिहून ठेवते. काल-आज मिळून ६ क्वाड्रॅट (झाडं मोजायचे आखलेले चौकोन) केले आणि सहाच्या सहा गाडीरस्त्याच्या कडेनं. नकाशावर पॉइंट टाकताना रस्ता जवळ पाहिजे म्हणून टाकले होते, वेळ वाचतो, सामान उचलावं लागत नाही.

सहावा चालू असताना एक मामा गाई घेऊन आले. गावचे गायकी आहेत, चाळीस वर्षं याच रानात ढोरं चारतात. काठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "म्याडम, काय मोजून रायल्या?" म्हटलं झाडं मोजतोय मामा. "मंग झाडं तं तिकडं हायेत ना, इथं बाभुळ आन् रायमुनियाच हाय."

खरं होतं. रस्त्याच्या कडेला माती उकरलेली, ढोरांनी चरलेलं, जळतणासाठी तोडलेलं, तिथं रायमुनियाच (म्हणजे घाणेरी) माजणार. तोच डेटा मी कोअरचा म्हणून दिला असता तर रिपोर्टमध्ये अख्खं जंगल रायमुनियाचं झालं असतं आणि ते कोणाला कळलंही नसतं. रात्री लॉजवर नकाशावर जाळी टाकली, घरांना नंबर दिले, चिठ्ठ्या काढल्या. आता चिठ्ठी जिथं पाठवेल तिथं जायचं, काट्यातून का होईना. जुने ६ फॉर्म फाडले नाहीत, रस्त्याकडचा भाग म्हणून वेगळे ठेवले. मामांना विचारलं उद्यापासून येता का सोबत, रोजी देऊ. पोरगा ढोरं पाहील म्हणाले, येतो.

३ मार्च

चार दिवसांत १४ क्वाड्रॅट. १० बाय १० मीटरचा चौकोन दोरीनं आखायचा, कोपऱ्यांना खुंट्या, आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर. आतमध्ये ५ बाय ५ झुडपांसाठी आणि १ बाय १ गवतासाठी. १.३७ ची खूण मी माझ्या काठीवर लाल सुतळीनं बांधलीय, दरवेळी टेप लावायला नको.

साग जास्त, ते अपेक्षितच होतं. त्याच्यासोबत ऐन, धावडा, लेंडिया, भेरा, टेंभुर्णी, चार, बेहडा. दक्षिणेच्या उतारावर गराडीच गराडी, तिची पानं विषारी, ढोरं तोंड लावत नाहीत म्हणून ती टिकून आहे.

आज जाळीतल्या अकराव्या नंबरच्या घरात एक गोष्ट घडली. चौकोन मोजून झाला, खुंट्या उपटल्या, तेवढ्यात मामा म्हणाले, "हे लिवलं का?" बघते तर दोरीच्या बाहेर दहा-बारा फुटांवर एक बिजा, चांगला जुना. मामांनी नखानं साल खरवडली आणि लालभडक रस आला, रक्तासारखा, दोन मिनिटांत घट्ट पण झाला. याच लाकडाचा पेला करतात आणि रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी शुगरवाले सकाळी पितात. मामा म्हणाले या बाजूला आता तीनच बिजे उरले, बाकी गेले. चौकोनात नाही म्हणजे टेबलात नाही, क्वाड्रॅटचा नियम असा आहे. मग मी फॉर्मच्या मागे वेगळं पान सुरू केलं, "चौकोनाबाहेर", आणि जीपीएस घेऊन बिजा लिहिला. मामांनी बाकीचे दोन पण दाखवले.

साधा नमुना सामान्य झाडांसाठी बरोबर चालतो पण जे कमी उरलंय ते नमुन्यात सापडतच नाही, आणि खाणीआधी नेमकं तेच लिहायचं असतं.

९ मार्च

पक्ष्यांचे पॉइंट काउंट. पळस फुल पेटलाय, पानं नाहीत, नुसती केशरी फुलं, आणि एकेका झाडावर मैना, कोतवाल, शिंजीर, बुलबुल यांची झुंबड. पक्षीवाला पोरगा दहा मिनिटं एका जागी उभं राहून कानानंच निम्मे पक्षी लिहितो, त्याला डोळ्यांची गरज कमी पडते. पिंपळावर हरियाल मिळाले, १७ मोजले, अजून असतील, हिरव्या पानात हिरवा पक्षी, हलला तरच दिसतो.

दुपारी उत्तरेच्या माळावर गेलो. रेकॉर्डला ही जमीन झुडपी जंगल आहे (विदर्भातल्या महसुली नोंदींतला झुडपांच्या जमिनीचा प्रकार), आणि साईटच्या कागदात तिला सरसकट पडीक म्हटलंय. मुरूम, कुसळी गवत, मधे मधे बोरीची झुडपं. तिथं एक पिवळ्या गालाची टिटवी, म्हणजे माळटिटवी, सारखी आमच्यापुढे पळायची, थांबायची, लंगडल्यासारखं करायची. पोरगा म्हणाला थांब, पाय उचलू नको. माझ्या बुटापासून दोन हातांवर चार अंडी. घरटं म्हणायला फक्त खळगा आणि त्याला खड्यांची कड. अंडी मातकट, वर काळे शिंतोडे, टोकं आतल्या बाजूला वळवून ठेवलेली. मी वाकून बघत होते तरी नजर एकदा हलली की परत सापडायला वेळ लागत होता. आणि अंड्यांपासून पाच-सहा फुटांवर ड्रिलिंगच्या ट्रकच्या चाकाची ताजी खूण.

बोअरहोलचं काम चालूच आहे तिकडे. त्यांच्या सुपरवायझरला जाऊन दाखवलं. तो बिचारा म्हणाला, म्याडम दगड ठेवून द्या दोन, गाडी पलीकडून घेतो. ठेवले. टिटवी आम्ही पन्नास पावलं मागं गेल्यावर परत बसली.

१३ मार्च

होळी. दोन दिवस नागपूर, घरी. फॉर्म एक्सेलमध्ये टाकले.

२२ मार्च

मोहाची फुलं सुरू झाली. मामा म्हणाले होते पहाटे चारला या, आलो. अंधारातच बायका झाडाखाली, टोपल्या, टॉर्च, लहान पोरं पेंगत बसलेली. झाडाखालचा पाला आधीच झाडून जाळलेला असतो म्हणजे फुलं स्वच्छ पडतात. आणि ती पडताना ऐकू येतात, टप टप टप, एक पडलं की दुसरं, वारा नसताना. हातात घेतलं तर गारगार, रसानं भरलेलं, फिक्कट पिवळं, मधे भोक असलेल्या मण्यासारखं. तोंडात टाकलं तर आधी गोड आणि नंतर जिभेवर तो उग्र वास राहतो, दुपारपर्यंत गेला नाही माझ्या.

मला माहीत नव्हतं की प्रत्येक झाडाचं घर ठरलेलं आहे. सरकारी जमिनीवरचं झाड, कागदावर कोणाचंच नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक की हा मोह कोणाचा, सासूकडून सुनेकडे येतो. एका काकूंनी मला चार झाडं दाखवली, नावानिशी, एकीला त्या वाकडी म्हणतात आणि एकीला रडकी, कारण तिची फुलं सगळ्यात शेवटी येतात.

तिथंच ठरवलं की मोहाचा नमुना घ्यायचा नाही, कोअरमधले सगळेच्या सगळे मोह मोजायचे, एकेक, घेर, जीपीएस, आणि कोण वेचतं ते त्या घराला विचारून. ऑफिसच्या सरांना फोन केला, सर म्हणाले टीओआरमध्ये (काय काय तपासायचं ते ठरवून दिलेल्या कागदात) एवढं मागितलेलं नाहीये, वेळ कुठून काढणार. म्हटलं बायकाच सोबत फिरायला तयार आहेत, आठवड्याचं काम आहे. सर दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाले बरं कर, पण पक्ष्यांचं मागं पडायला नको. आज पहिल्याच दिवशी ४१ झाले. सगळ्यात मोठ्याचा घेर ३ मीटरच्या वर, टेप पुरला नाही, सुतळीनं मोजून मग टेप लावला.

४ एप्रिल

कॅमेरा ट्रॅपची (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) पहिली कार्डं काढली. लावले होते वनविभागाची परवानगी घेऊन, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, गुडघ्याच्या खाली उंची. दोन नंबरच्या जोडीत घोटाळा झाला, समोरचं गवत नीट कापलं नव्हतं आणि वाऱ्यानं पातं हललं की फोटो, असे हजारो फोटो गवताचे आणि कार्ड नवव्या दिवशी फुल. पुढचे बारा दिवस त्या वाटेवरून काय गेलं ते आता कधीच कळणार नाही. गवत कापायचं काम माझं होतं. आज सगळ्या कॅमेऱ्यांसमोर स्वतः बसून विळ्यानं साफ केलं, समोरून रांगत जाऊन टेस्ट घेतली.

बाकीच्यांवर रोही (नीलगाय), रानडुक्कर, सायाळ, रानमांजर, एक तरस मागून. आणि पाच नंबरवर, मोहाच्या वाटेवर, रात्री २ वाजून ४८ मिनिटांनी अस्वल. पाठीवर दोन पिल्लं. एक मानेशी चिकटलेलं, दुसरं मागं घसरायला आलेलं, केसांना धरून. अस्वलाची आई पिल्लांना असंच पाठीवर घेऊन फिरते, वाचलं होतं, पण चार जणं मिळून लॅपटॉपच्या उजेडात तो फोटो बघताना कोणी बोललंच नाही. मामांनी फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ही बाया यायच्या आधी खाऊन जाते. म्हणजे दोनच्या सुमारास अस्वल आणि चारला बायका, एकाच झाडाखाली, आणि दोघींनाही एकमेकींची वेळ माहीत.

वाघ नाही. बिबट्याचा पंजा नाल्याच्या वाळूत मिळाला, प्लास्टरनं ठसा घेतला.

२० एप्रिल

दोन दिवस ऑफिस. बाहेर ४४ च्या वर, साईटवर सकाळचे तीनच तास काम होतं, म्हणून ड्राफ्ट सुरू केला. ऑफिसातून जुना टेम्प्लेट मिळाला भरायला आणि तो उघडल्यावर माझं डोकं गरम झालं. बफरच्या झाडांच्या यादीत काजू आणि सुपारी. उमरेडला! कुठल्या तरी कोकणातल्या साईटचं टेबल कधी तरी इथं चिकटलं आणि मग प्रत्येक जण तेच पुढं नेत आला. कावळ्यासमोर अनुसूची ५. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहाच्या चार अनुसूच्या झाल्या, उपद्रवी प्राण्यांची ती जुनी पाचवी अनुसूची उरलीच नाही, आणि आपण अजून तीच लिहितोय.

हे टायपिंगचं प्रकरण म्हणून सोडता येत नाही मला. अनुसूची १ मधलं काही कोअरमध्ये मिळालं की त्याच्या संवर्धनाचा आराखडा द्यावा लागतो, त्याला पैसे ठेवावे लागतात, वनविभागाकडे पाठवावा लागतो. आपल्याकडे मोर, बिबट, अस्वल, घोरपड इतके तर डोळ्यासमोर आहेत. यादी चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि नंतर तपासायला मूळ जागा राहिलेलीच नसते, तिथं दोनशे फूट खोल खड्डा असतो. सरांना हे असंच्या असं बोलले, आवाज जरा चढला माझा. त्यांनी टेम्प्लेट डिलीट करायला सांगितलं आणि म्हणाले कोरा कागद घे, फक्त पाहिलंय ते लिही. तेच करतेय. प्रत्येक नावासमोर आता चार गोष्टी, कोणी पाहिलं, कुठं, कधी, आणि पुरावा काय, फोटो की विष्ठा की आवाज की गावकऱ्यांनी सांगितलेलं.

८ मे

तेंदूपत्ता चालू, सगळं गाव जंगलात, दुपारी घराघरात पुडे बांधणं, ७० पानांचा एक पुडा. मधेच अवकाळीचा शिडकावा होतो आणि वाळत टाकलेले पुडे उचलायला धावपळ. आमचं काम कमी, लोक जास्त असल्यानं कॅमेऱ्यात माणसंच माणसं, ते फोटो पुसून टाकले. कुठल्या भागात किती घरं पानं तोडतात ते नकाशावर उतरवलं.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. आज रात्री अभयारण्यात मचाणावरची पाणवठ्यावरची गणना असते, आम्ही आमच्या साईटवर बसलो, डोहावर. परवानगी घेतलेली होती.

या डोहाबद्दल आधी लिहायला हवं होतं. लीजच्या मधून एक नाला जातो, नकाशावर तुटक निळी रेघ, बाजूला "हंगामी नाला". मार्चपासून आम्ही त्यातून चालत जात होतो, कोरडी वाळू आणि दगड. खाणीच्या प्लॅनमध्ये हा नाला वळवायचा आहे, नवी रेघ लीजच्या पूर्व कडेनं सरळ काढलीय, पट्टीनं काढल्यासारखी. मी जलचर म्हणून एक ओळ लिहून मोकळी झाले होते, सर्वेक्षण काळात नाला कोरडा. मामांना ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "कोरडा कुठी हाय? डोह पायला का तुमी?" अर्जुनाच्या झाडांच्या मागं, काठ खोल कापलेला, वरून दिसतच नाही. पाणी कंबरेइतकं, गढूळ, आणि मामा म्हणतात त्यांच्या आयुष्यात एकदाही आटला नाही.

सात ते सहा बसलो, अकरा तास. चंद्र ढगातून येऊन जाऊन. आधी रातवा, दगडावर दगड घासल्यासारखा चक-चक-चक सुरू झाला तो थांबलाच नाही. साडेआठला रोह्याच्या तीन माद्या. मग डुकरं, चिखलात लोळून गेली. अकराला सायाळ, काटे एकमेकांवर आपटल्याचा आवाज आधी आणि जनावर नंतर. चितळं आली ती पाण्याला तोंड न लावता उभीच राहिली, एक जण पाय आपटत होता, आणि तशीच परत फिरली. कशाला घाबरली ते आम्हाला दिसलं नाही. पहाटे कोल्हा. आणि उजाडताना पाण्यात बुडबुडे, पक्षीवाला म्हणाला कासव असेल, मामा म्हणाले मरळ, वर दम घ्यायला येते. खरंच मरळ होती.

"सर्वेक्षण काळात नाला कोरडा" ही ओळ आज खोडली.

"बरसातीत या मंग," मामा म्हणाले, "तवा पायजा."

२७ मे

सीझन कागदावर संपला. २२ तारखेला सुप्रीम कोर्टाचा झुडपी जंगलावर निकाल आला, विदर्भातलं झुडपी जंगल हे कोर्टाच्याच १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनच धरायचं. ऑफिसमध्ये दिवसभर तीच चर्चा, कोणाचा काय फरक पडेल. मला माळटिटवीचा तो माळ आठवला. आपण त्याला पडीक लिहिलं नव्हतं याचं बरं वाटलं, गवताच्या जाती, अंडी, चंडोल सगळं आधीच लिहिलेलं होतं.

सरांना अर्ज दिला, पावसात दोन दिवस परत जायचंय. नियमानं लागत नाही, क्लायंटचा खर्च नाही. लिहिलं की मार्च ते मेमध्ये या जागेचा निम्मा भाग जमिनीखाली झोपलेला असतो, कंद, बेडूक, गवताचं बी, तो मोजलेलाच नाही. गाडी मंजूर झाली.

२८ जून

काल रात्री दणकून पाऊस, आज साईट ओळखू आली नाही.

मार्चमध्ये ज्या वाटेवर धूळ होती तिथं मृगाचे किडे, लाल मखमल, बोटाच्या टोकाएवढे, ओल्या मातीवर चालत होते. ज्या १ बाय १ च्या चौकोनांत मी "उघडी जमीन" लिहिलं होतं ते परत शोधले, खुंट्यांची भोकं अजून दिसत होती. एकात सफेद मुसळी, पांढरी फुलं आलेली. दुसऱ्यात कळलावीचे कोंब, पानाचं टोक आत्ताच मुडपायला लागलेलं, आणि रानहळदीची पानं. उघडी जमीन! कंद सहा इंच खाली होते आणि मी वर बसून शून्य लिहित होते.

नवरंग बोलत होता, दोन ठिकाणी, पावशा सगळीकडे, चातक एक. तीनही नावं आमच्या यादीत नव्हती. पावशा इथलाच, पण त्याचा खरा आवाज आताच, नवरंग आणि चातक तर पावसासोबतच येतात, मार्च-एप्रिलमध्ये कितीही पॉइंट काउंट करा, मिळणार नाहीत.

डोहाकडे जायला दुपार झाली. लांबूनच आवाज, कोणी तरी जड दार ओढतंय असा. वाकून पाहिलं तर पिवळेजर्द बैलबेडूक, हळदीत बुडवून काढल्यासारखे, गालाशी निळे फुगे, एकमेकांना ढकलत होते. मी वीसपर्यंत मोजले आणि मग मोजता येईना, कारण सगळेच एकमेकांवर.

पण खरी गोष्ट खालच्या बाजूला होती. नाला पुढं गावच्या मामा तलावाला जाऊन मिळतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुना तलाव. रात्रीच्या पुरात तलावातून मासे उलटे वर आले होते, चढणीचे मासे. नाल्याच्या दगडी पायरीवर पाणी वीतभर, आणि त्यात मागुर पोटावर सरकत, शेपटी आपटत, अर्धी पाण्याबाहेर. एक पायरी चढली, घसरली, परत चढली. मी गुडघ्यावर बसून बघत होते, सात वेळा घसरली ती, आठव्यांदा वर गेली आणि डोहाच्या दिशेनं निघाली. अंडी घालायला वर जातात, डोहात, धानाच्या बांध्यांत, आणि पाणी ओसरायला लागलं की पिल्लं खाली तलावात. गावातले ढिवर याच तलावावर जगतात. आता नाला पूर्वेकडून सरळ कालव्यासारखा काढला, डोह खाणीत गेला, तर हे मासे चढतील कुठं? प्लॅनवर पट्टीनं ओढलेली ती रेघ मला दिवसभर डोळ्यासमोर दिसत राहिली.

व्हिडिओ घेतले, जीपीएस, तारीख, वेळ. पायऱ्यांची उंची पण मोजली, प्रत्येक पायरी, कारण वळवायचाच असेल नाला तर निदान चढण अशी ठेवा की मासा चढेल, डोहाइतकी खोल जागा नव्या पात्रात ठेवा, हे मला आकड्यानिशी लिहायचंय. मामा छत्री धरून उभे होते माझ्यावर, स्वतः भिजत.

६ जुलै

पुरवणी दिली. २३ पानं, फोटोंसकट. सरांनी पूर्ण वाचली, डोहाचा परिच्छेद परिशिष्टातून काढून मुख्य प्रकरणात टाकला, नाला वळवण्याच्या भागाला जोडून. एवढं ते स्वतःहून करतील असं वाटलं नव्हतं, खूप बरं वाटलं.

१३ जुलै

जनसुनावणीच्या आधी रिपोर्टचा सारांश मराठीत द्यावा लागतो, नोटीस निघाल्यावर लोकांना ३० दिवस मिळतात वाचायला. सारांशातली झाडांची नावं मी शास्त्रीय नावांसोबत गावच्या नावांनी घालायला मागितली होती, कारण आपल्याच रानाची यादी गावातल्या माणसाला वाचता आली नाही तर तो सुनावणीत बोलणार कशावर. पण गावची नावं मला किती येतात? म्हणून आज रविवार धरून प्रिंट घेऊन गेले.

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसलो, बाहेर पाऊस, पंधरा-वीस जणं, बायका जास्त. मी एकेक नाव वाचायचं आणि त्यांनी हो म्हणायचं किंवा दुरुस्त करायचं. गराडी, हो. लेंडिया, हो. कुडा, दोन प्रकारचे आहेत, एक कडू एक गोड, दोन्ही लिहा. तरोटा मी तण म्हणून टाकला होता तर सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या, तण कसा, आत्ता पहिल्या पावसाची भाजी तीच, आज सकाळी पण केली. खाण्याच्या रकान्यात घेतला. सात्या (पावसातली रानआळंबी) कुठल्या वारुळांवर येतात ते सांगायला मात्र कोणी तयार नाही, नुसतं हसल्या, ती जागा घरचीच असते. मी पण आग्रह केला नाही, सात्या येतात एवढंच लिहिलं.

मोहाच्या पानावर रडकीचं नाव आलं तेव्हा त्या काकू पुढं सरकून बघायला लागल्या. वाचता येत नाही त्यांना, नातीनं बोट ठेवून दाखवलं, हे बघ आजी, इथं.

सगळं वाचून झालं, कागद आवरत होते, तेव्हा कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, "काटवल नाई लिवलं का वो बाई?"

काटवल म्हणजे करटोली, नव्हतं लिहिलं. तीन महिने उन्हात फिरले तेव्हा वेल जमिनीखाली होता आणि जूनमध्ये मी खाली बघत होते, कुंपणाकडं बघितलंच नाही. कुठं होतं विचारलं तर डोहाच्या वरच्या काठाला, बोरीवर चढलेलं असते म्हणाली, आत्ता फूल असन. पाऊस थांबला की मामांसोबत जाऊन बघते. फॉर्मवर नंबर टाकून ठेवलाय, जीपीएसचा रकाना तेवढा रिकामा आहे.